कुकीज आणि आपली माहिती: नाशिककर वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील वाचकांकडून कुकीजविषयी सतत येणारे प्रश्न येथे संकलित केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले असून, उत्तराचा काही भाग अन्यत्र आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुकी म्हणजे नेमके काय, आणि ती माझ्या मोबाइलमध्ये येते कुठून?

संकेतस्थळाच्या सर्व्हरने, म्हणजे ते संकेतस्थळ जिथून चालते त्या संगणकाने, आपल्या ब्राउझरकडे सांभाळायला दिलेला छोटासा मजकूर म्हणजे कुकी. वेबवरील देवाणघेवाण ज्या एचटीटीपी नियमांनुसार चालते, त्यांत मागच्या भेटीची आठवण ठेवण्याची सोय मुळात नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात तरी सर्व्हरच्या लेखी आपण नवखेच असता. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीतील अभियंते लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची युक्ती ब्राउझरमध्ये आणली. पद्धत आजही तीच आहे. सर्व्हर पानाबरोबर कुकी पाठवतो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे पुढची विनंती पाठवताना ती सोबत जोडतो.

२. तिच्यात माझे नाव, फोन नंबर, पासवर्ड लिहिलेला असतो का?

नीट बांधलेल्या संकेतस्थळाच्या कुकीत तो नसतो. मंदिराबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यावर आपले नाव नसते, केवळ क्रमांक असतो. कोणता जोड कोणत्या खणात आहे हे स्टँडवाल्याला ठाऊक असते. लॉगिनची कुकीही तशीच असते: तिच्यात एक लांबलचक, अर्थहीन क्रमांक असतो आणि आपले नाव, पत्ता, मागणीचा इतिहास हे सर्व सर्व्हरवर त्या क्रमांकासमोर नोंदलेले असते. ज्याच्या हाती बिल्ला त्याच्या हाती जोड, हा धोकाही दोन्हीकडे सारखाच आहे (प्रश्न ८ पाहा).

भाषेची निवड लक्षात ठेवणारी कुकी प्रत्यक्षात साधारण अशी दिसते. मूळ ओळ रोमन अक्षरांत असते, येथे ती देवनागरीत दिली आहे:

सेट-कुकी: भाषा=मराठी; मॅक्स-एज=३१५३६०००; सिक्युअर; सेमसाइट=लॅक्स

यातील ‘मॅक्स-एज’ म्हणजे कुकीची मुदत; तिचा आकडा सेकंदांत आहे आणि तो बरोबर ३६५ दिवसांचा होतो. ‘सिक्युअर’ म्हणजे ही कुकी केवळ सांकेतिक, अर्थात एचटीटीपीएस जोडणीवरूनच पाठवावी; ‘सेमसाइट’चा अर्थ प्रश्न १८ मध्ये येईल. एका कुकीत साधारण ४०९६ बाइट इतकाच मजकूर मावतो, त्यामुळे फोटो किंवा कागदपत्रे तिच्यात साठवली जाण्याचा प्रश्नच येत नाही.

३. मग ‘आवश्यक’, ‘विश्लेषण’, ‘जाहिरात’ असे प्रकार कशासाठी सांगतात?

ही वर्गवारी हेतूनुसार केलेली असते आणि ती संकेतस्थळाचा मालकच करतो, हे ध्यानात ठेवावे. एखाद्याने जाहिरातीची कुकी ‘आवश्यक’ या रकान्यात टाकली तर ब्राउझर त्याला अडवत नाही. तंत्राच्या दृष्टीने दोन भेद अधिक उपयोगी आहेत. पहिला मुदतीचा: काही कुकीज ब्राउझर बंद करेपर्यंतच टिकतात, तर काहींवर मुदत लिहिलेली असते. गूगल अ‍ॅनालिटिक्स ही भेटींची मोजणी करणारी सेवा आपल्या कुकीसाठी दोन वर्षांची मुदत मागते, परंतु क्रोम ब्राउझर २०२२ पासून कोणत्याही कुकीला ४०० दिवसांपेक्षा जास्त मुदत देत नाही.

दुसरा भेद मालकीचा, आणि माझ्या मते सर्वसामान्य वाचकाने हा एकच भेद पक्का लक्षात ठेवला तरी पुरे. आपण ज्या संकेतस्थळावर आहात त्यानेच ठेवलेली ती प्रथम-पक्ष कुकी. त्या पानावर जाहिरात, व्हिडिओ किंवा लाइकचे बटण ठेवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीने ठेवलेली ती तृतीय-पक्ष कुकी. लॉगिन, खरेदीची टोपली, भाषेची निवड ही कामे प्रथम-पक्ष कुकीजवर चालतात. पाळत म्हणून ज्याविषयी तक्रार होते, ते काम मुख्यतः तृतीय-पक्ष कुकीज करत आल्या आहेत.

४. (निफाडहून) ठिबकचे साहित्य एकदाच पाहिले, तर आता बातम्या वाचतानाही ठिबकच दिसते. हे कसे होते?

ठिबक विकणाऱ्या संकेतस्थळावर एखाद्या जाहिरात कंपनीचा अदृश्य कोड बसवलेला असतो. आपण ते पान उघडले तेव्हा आपल्या ब्राउझरने त्या कंपनीच्या सर्व्हरकडेही विनंती पाठवली, आणि त्या सर्व्हरने आपल्याला एक ओळख-क्रमांक देऊन तो स्वतःच्या नावाने कुकीत ठेवला. पुढे आपण बातम्यांचे संकेतस्थळ उघडले. तेथेही त्याच कंपनीची जाहिरातीची जागा होती, म्हणून ब्राउझरने तीच कुकी तिला परत दाखवली. कंपनीला आपले नाव ठाऊक नाही. परंतु लॅटरल आणि फिल्टरचे भाव पाहून खरेदी न करता निघून गेलेला ब्राउझर हाच, एवढे तिला कळते, आणि जाहिरातीसाठी तेवढे पुरते. बातमीदाराने ठिबकवाल्याला काही कळवलेले नसते. दोघांच्या पानांवर तिसरा एकच आहे, एवढेच.

गंमत अशी की साहित्य विकत घेतल्यानंतरही या जाहिराती काही दिवस येत राहतात, कारण खरेदी जर दुकानात जाऊन झाली असेल तर त्याचा पत्ता त्या कुकीला लागत नाही.

५. अंबडला ऑफिसच्या संगणकावर पाहिलेली वस्तू घरच्या मोबाइलवर कशी काय दिसते?

कुकी एका ब्राउझरमधून दुसऱ्या ब्राउझरमध्ये आपोआप उडी मारत नाही. दोन्ही ठिकाणी आपण एकाच ई-मेल खात्याने लॉगिन असाल तर जोडणी त्या खात्यामुळे होते. कुकी फक्त दोन्हीकडे त्या खात्याकडे बोट दाखवते. घरातील सर्वांचे वाय-फाय एकच असेल तर बाहेरून दिसणारा इंटरनेट पत्ताही बहुधा एकच असतो, आणि त्यावरून एकाच घरातील उपकरणांचा अंदाज बांधता येतो.

६. नुसते बोलण्यात आलेल्या वस्तूचीही जाहिरात दिसते. कुकी ऐकते का?

नाही. कुकी म्हणजे निव्वळ मजकूर; तिला मायक्रोफोन उघडता येत नाही. तशी शंका असल्यास मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये कोणत्या अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी दिली आहे ते तपासावे.

७. कुकीच्या सूचनेतील ‘सर्व स्वीकारा’ दाबले नाही तर संकेतस्थळ चालेल का?

बहुतेक वेळा व्यवस्थित चालते. ‘नाकारा’ दाबल्यावरही लॉगिन आणि खरेदीला लागणाऱ्या कुकीज राहतातच. मोजणी आणि जाहिरातीच्या तेवढ्या गळतात. तरीही बहुसंख्य लोक ‘स्वीकारा’ दाबतात, कारण ते बटण ठळक रंगात समोर असते आणि नकार दोन पाने आत दडवलेला असतो. ही मांडणी जाणूनबुजून केलेली असते असे म्हणायला जागा आहे. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणावरून गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला: स्वीकारणे एका टिचकीचे, तर नाकारणे अनेक टिचक्यांचे होते.

ब्राउझरमध्येच तृतीय-पक्ष कुकीज बंद केल्या (प्रश्न १२ पाहा) तर प्रत्येक सूचनेशी झटापट करण्याचे महत्त्व बरेच कमी होते. सूचना न वाचता खिडकी बंद करणे म्हणजे मात्र नकार नव्हे. संकेतस्थळ त्याचा अर्थ काय लावेल हे आपल्या हातात राहत नाही.

८. कुकीमधून व्हायरस येतो का? बँकेतील पैसे जाऊ शकतात का?

कुकी हा चालवता येणारा प्रोग्रॅम नसल्याने तिच्यातून व्हायरस येत नाही. खरा धोका उलट दिशेचा आहे: व्हायरस येऊन कुकी चोरून नेतो. आपण एखाद्या खात्यात लॉगिन असताना तो लॉगिन-क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही विचारला जात नाही, कारण संकेतस्थळाच्या दृष्टीने हे दोन्ही टप्पे आपण आधीच पार केलेले असतात. चोरीचे सॉफ्टवेअर, फुकट मिळणारे ‘क्रॅक’ केलेले प्रोग्रॅम आणि अनोळखी ब्राउझर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) यांच्यातून अशी कुकीचोरी होते.

पूर्वी उघड्या वाय-फायवरही हे सहज जमत असे. २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाच्या एका एक्स्टेन्शनने हे जगजाहीर करून दाखवले, आणि त्यानंतर मोठी संकेतस्थळे झपाट्याने पूर्णपणे एचटीटीपीएसकडे वळली. त्यामुळे आज स्टेशनवरच्या किंवा कॉलेज रोडवरील कॅफेतल्या वाय-फायवर बसून कुकी पळवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. मात्र ब्राउझर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगत असेल तर तेथे लॉगिन करू नये.

बँका लॉगिनच्या कुकीची मुदत काही मिनिटांचीच ठेवतात. थोडा वेळ स्वस्थ बसल्यावर आपोआप बाहेर काढले जाते ते म्हणूनच. कुकी चोरीला गेल्याची शंका आल्यास त्या सेवेतील ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्याय आधी वापरावा, मग पासवर्ड बदलावा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

९. रोज रात्री सगळ्या कुकीज पुसतो. हे योग्य आहे का?

हानी नाही, पण लाभही वाटतो तितका नाही. सर्व कुकीज पुसल्या की प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते आणि आधी नोंदवलेला नकारही पुसला जातो, कारण आपण ‘नाकारा’ दाबले होते ही नोंदसुद्धा एका कुकीतच असते. मग त्याच सूचना दुसऱ्या दिवशी नव्याने उभ्या राहतात. त्यापेक्षा तृतीय-पक्ष कुकीज कायमच्या बंद ठेवून, एखादेच संकेतस्थळ नकोसे झाले तर तेवढ्याचीच माहिती पुसावी. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावर टिचकी मारल्यास त्या एका संकेतस्थळाच्या कुकीज दिसतात आणि काढताही येतात.

१०. इन्कॉग्निटो विंडोत तरी कोणाला काही कळत नाही ना?

इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, विंडो रिकाम्या साठ्याने सुरू होते आणि ती बंद केली की त्यातल्या कुकीज जातात. घरातील दुसऱ्या माणसाला इतिहास दिसू नये एवढ्यासाठी ती उत्तम आहे. परंतु ती उघडी असेपर्यंत संकेतस्थळांना आपण दिसतच असता, इंटरनेट पुरवठादारालाही आपण कोणत्या संकेतस्थळांशी जोडले आहात ते कळू शकते, आणि तिच्यात आपल्या खात्यात लॉगिन केलेत तर ओळख उघडच होते. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलविरुद्ध दावा दाखल झाला होता आणि २०२४ मधील तडजोडीत कंपनीने जमा झालेल्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

११. (दिंडोरीहून) सातबारा काढायला सेवा केंद्रावर गेलो, खिडकी बंद करून निघालो. माझे ई-मेल तिथे उघडे राहिले असेल का?

राहिले असण्याची शक्यता आहे. खिडकी बंद करणे आणि लॉगआउट करणे या निराळ्या गोष्टी आहेत. ‘मला लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण असेल तर लॉगिनची कुकी मुदतीची असते आणि खिडकी बंद केल्याने ती जात नाही. तशी खूण नसली तरी एक मेख आहे: ब्राउझर ‘जिथे सोडले तिथून सुरू करा’ या सेटिंगवर असेल, तर बंद करताना जायला हव्यात अशा कुकीजही तो सांभाळून ठेवतो आणि पुढच्या गिऱ्हाईकासमोर आपले खाते जसेच्या तसे उघडते. दिवसभर चालू असणाऱ्या केंद्रांवर हे सेटिंग सर्रास आढळते.

घरी आल्यावर मोबाइलवरून त्या खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ते अनोळखी उपकरण काढून टाकावे. त्यामुळे तेथील कुकी निरुपयोगी होते. पुढच्या वेळी अशा ठिकाणी खासगी विंडोतच लॉगिन करावे.

१२. क्रोमने तृतीय-पक्ष कुकीज बंद केल्या असे वाचले होते. खरे काय?

तसे जाहीर झाले होते, घडले मात्र नाही. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून तृतीय-पक्ष कुकीज पूर्ण अडवल्या. फायरफॉक्स ब्राउझरने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीजचा साठा वेगवेगळा करून एका ठिकाणचा ओळख-क्रमांक दुसरीकडे चालणार नाही अशी व्यवस्था सर्वांसाठी लागू केली. गूगलने जानेवारी २०२० मध्ये, दोन वर्षांत क्रोममधूनही त्या हटवू असे म्हटले, मग मुदत वारंवार पुढे ढकलली, जुलै २०२४ मध्ये बेत मागे घेतला आणि एप्रिल २०२५ मध्ये सध्याचीच पद्धत चालू ठेवणार असल्याचे स्पष्ट केले. ज्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते तिचा हा निर्णय अनपेक्षित म्हणता येणार नाही.

क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये त्या मुळातच अडवलेल्या असतात. एरवी ‘सेटिंग्ज’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘थर्ड-पार्टी कुकीज’ या वाटेने जाऊन त्या स्वतः बंद कराव्या लागतात.

१३. तिकीट किंवा खोली वारंवार पाहिली की कुकीमुळे दर वाढतो, हे खरे आहे का?

रेल्वेपुरते तर नाहीच. नाशिकरोडला थांबणाऱ्या मुंबई राजधानीचे उदाहरण घ्या: राजधानी, दुरांतो, शताब्दी या गाड्यांना सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडे आहे, ज्यात दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे ठरावीक मर्यादेपर्यंत दहा टक्क्यांनी चढते. सकाळी पाहिलेले भाडे संध्याकाळी वाढलेले दिसले तर मधल्या वेळेत जागा भरल्या, एवढाच त्याचा अर्थ. विमानाचे आणि हॉटेलचे दरही प्रामुख्याने मागणीवर हलतात, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी पंचवटी किंवा त्र्यंबकेश्वरात खोली शोधणाऱ्यांना ती मागणी जाणवणारच. शंका असल्यास तोच दर खासगी विंडोत पाहून तुलना करावी; त्याला खर्च नाही.

१४. भारतात कुकीजसाठी कायदा आहे का? आणि ती सूचना मराठीत मागता येईल का?

केवळ कुकीजसाठी कायदा नाही. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ यात कुकी हा शब्दही आलेला नाही. परंतु कुकीतील क्रमांकावरून एखादी व्यक्ती ओळखता येत असेल तर ती वैयक्तिक माहिती ठरू शकते. या अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते, आणि ती काढून घेणे देण्याइतकेच सोपे असावे लागते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक आहे, आणि त्या २२ भाषांत मराठी आहे.

मात्र लगेच तक्रार करायला धावण्याआधी एक लक्षात घ्यावे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमती आणि सूचनेविषयीच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होण्याचे वेळापत्रक आहे.

१५. मुलांच्या अभ्यासाच्या संकेतस्थळांचे काय?

त्याच अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि त्यांचा माग काढणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. शासन काही वर्गांना यातून सूट देऊ शकते. लागू होण्याची तारीख प्रश्न १४ प्रमाणे.

१६. माझे मेन रोडला चिवड्याचे दुकान आहे आणि छोटे संकेतस्थळही. कुकीची सूचना लावावीच लागेल का?

आधी आपल्या संकेतस्थळावर कोणत्या कुकीज आहेत ते पाहा, मग सूचनेचा विचार करा. संगणकावर खासगी विंडोत संकेतस्थळ उघडा, एफ१२ दाबा, ‘अ‍ॅप्लिकेशन’ भागात ‘कुकीज’ उघडा आणि कशालाही हात न लावता यादी वाचा. अनेक दुकानदारांना येथे धक्का बसतो: सूचनेवरचे बटण दाबण्याआधीच मोजणीच्या आणि जाहिरातीच्या कुकीज येऊन बसलेल्या असतात. तयार थीमसोबत आलेली सूचना अनेकदा निव्वळ देखावा असते. ती काही अडवत नाही. अशी सूचना नसलेली बरी, कारण नकार देणाऱ्याची ती सरळ फसवणूक करते.

पानावर यूट्यूबचा व्हिडिओ, समाजमाध्यमांची बटणे किंवा कोणी सांगितले म्हणून बसवलेला जाहिरातीचा पिक्सेल (माग काढणारा अदृश्य कोड) असेल आणि तो कामाचा नसेल, तर काढून टाका. व्हिडिओऐवजी त्याचा दुवा दिला तरी चिवडा विकला जातो. ज्या संकेतस्थळावर फक्त खरेदीच्या टोपलीची कुकी उरते, त्याला मोठ्या सूचनेची गरजच राहत नाही. कोणती माहिती का घेतली जाते हे साध्या मराठीत सांगणारे एक पान पुरते.

१७. (येवल्याहून) आम्ही पैठणी जर्मनीलाही पाठवतो. युरोपचा कायदा आम्हाला लागतो का?

लागू शकतो. जीडीपीआर हा युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा विनियम २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि युरोपीय संघातील व्यक्तींना वस्तू किंवा सेवा देऊ करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्यांनाही तो लागू होतो. संकेतस्थळ जर्मनीतून उघडता येते एवढ्याने तो लागत नाही. परंतु दर युरोमध्ये दाखवणे, तेथे घरपोच पाठवण्याचा पर्याय देणे, अशा गोष्टींवरून हेतू ठरवला जातो. युरोपात अत्यावश्यक कुकीज वगळता इतरांसाठी आधी संमती घ्यावी लागते, आणि आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘प्लॅनेट४९’ खटल्यात दिला आहे. नियमित निर्यात असेल तर जाणकार वकिलाचा सल्ला घेणे योग्य.

१८. पैसे कापले गेले, पण बँकेच्या पानावरून दुकानाच्या पानावर परत येताच लॉगिन मागते. पुन्हा पैसे भरू का?

भरू नका. हे बहुधा ‘सेमसाइट’ या गुणधर्मामुळे होते. परक्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची की नाही, हे त्यावर ठरते. २०२० पासून क्रोमने, कुकीवर काहीच लिहिलेले नसेल तर ती ‘लॅक्स’ समजायची, असे धोरण आणले. बँकेचे पान जेव्हा फॉर्म भरून पाठवल्याप्रमाणे आपल्याला दुकानाकडे परतवते, तेव्हा ‘लॅक्स’ कुकी सोबत जात नाही आणि दुकानाला आपण अनोळखी वाटता. कुकी ब्राउझरमध्ये सुखरूप असते, फक्त त्या एका विनंतीसोबत गेलेली नसते. दुकानाचा पत्ता नव्याने उघडून ‘माझ्या ऑर्डर’ तपासावे. ऑर्डर नोंदलेली नसेल तर व्यवहार क्रमांक देऊन विक्रेत्याकडे विचारणा करावी. दोष त्याच्या संकेतस्थळाच्या बांधणीत आहे आणि तो दुरुस्त करता येतो.

१९. तृतीय-पक्ष कुकीज बंद केल्या, तरी जाहिराती माग काढतातच. असे का?

कारण कुकी हा माग काढण्याचा एकमेव मार्ग नाही. काही कंपन्या संकेतस्थळाच्या मालकाला स्वतःच्याच पत्त्याचा एक उपपत्ता त्यांच्या सर्व्हरकडे वळवायला सांगतात. मग परक्या कंपनीची कुकी ब्राउझरला घरचीच वाटते. काही जण स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, वेळपट्टा (टाइम झोन) अशा बारीकसारीक गोष्टी जोडून उपकरणाचा ठसा तयार करतात, आणि तो ब्राउझरमध्ये कुठेच साठवलेला नसल्याने पुसताही येत नाही. सफारी आणि फायरफॉक्स हे ब्राउझर या दोन्ही युक्त्यांविरुद्ध काही उपाय करतात, पूर्ण बंदोबस्त मात्र कोणाकडे नाही.

मोबाइल अ‍ॅपमध्ये तर बहुतेक काम कुकीऐवजी उपकरणाच्या जाहिरात-ओळखीवर, म्हणजे जाहिरातींसाठी उपकरणाला दिलेल्या क्रमांकावर, चालते. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून अ‍ॅपला त्यासाठी परवानगी विचारावी लागते. तेथे नकार द्यावा. अँड्रॉइडवर गूगलच्या सेटिंग्जमधील जाहिरात विभागात जाऊन ती ओळख स्वतः हटवावी लागते, आणि ती हटवल्याने कोणतेही अ‍ॅप बंद पडत नाही.